घशाशी येतं तेव्हा : वाचकांचे प्रश्न, पोटविकारतज्ज्ञांची उत्तरं

छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं याबद्दल लिहून कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि मी सगळी वाचली. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच : ‘मी काय काय खायचं बंद करू?’ आपण किती वाजता जेवतो आणि किती वाजता आडवे होतो, हे मात्र एकाच पत्रात होतं, तेही समासात. बत्तीस वर्षं पोटाचे रुग्ण तपासल्यावर मला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटतं. म्हणून आजच्या उत्तरांत पदार्थांपेक्षा घड्याळ जास्त दिसेल.

त्याआधी एक पत्र रांग मोडून पुढे घेते.

प्रश्न : माझं वय ६७. दोन महिन्यांपासून छातीत जळजळ होते, पूर्वी कधीच नव्हती. हल्ली कोरडा घास छातीच्या मध्ये अडकल्यासारखा वाटतो, वर पाणी प्यायलं की उतरतो. वजनही थोडं उतरलंय, ते चांगलंच झालं असं मी समजतो. कोणता आहार घ्यावा?

काका, आहाराचं नंतर बघू. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि ‘घास अडकतो, वजन उतरलंय’ हे दोन शब्द त्यांना सगळ्यात आधी सांगा. तुम्हाला एंडोस्कोपीची गरज आहे. तोंडातून बारीक नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून बघतात, तपासणी काही मिनिटांत होते.

घास अडकण्याची कारणं बरीच असतात. वर्षानुवर्षं आम्ल लागून अन्ननलिकेला व्रण पडतात, ते भरताना नलिका आकसते. कधी तिची हालचालच मंदावते. कधी गाठ असते. यातलं तुमचं कारण कोणतं ते पत्रावरून सांगता येत नाही. ज्या कारणाची भीती वाटते, तेच लवकर सापडलं तर उपचाराला सगळ्यात जास्त वाव असतो, म्हणून ही घाई. तोवर मऊ आणि ओलसर खा, घास छोटे घ्या, बसूनच जेवा.

बाकीच्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. गिळताना अडकणं किंवा दुखणं, कारण नसताना वजन घटणं, उलटीत रक्त, डांबरासारखं काळं शौच, तपासणीत सापडलेला रक्तक्षय, थांबत नाही अशी उलटी, किंवा साठीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग करत घरी बसू नका.

आणखी एक सांगते, ते माझ्या घरातलं आहे. मी वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. एका रात्री वडील म्हणाले, छातीत जळजळतंय. मी त्यांना आम्लनाशक औषध दिलं आणि झोपा म्हणाले. तो हृदयविकाराचा झटका होता. ते वाचले, पण सकाळ होईपर्यंत पाच तास गेले आणि हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला. हृदय आणि अन्ननलिका या दोघांच्या वेदना मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जातात. त्यामुळे दुखणाऱ्यालाही फरक कळत नाही आणि शेजारी बसलेल्या शिकाऊ डॉक्टरलाही नाही. छातीत दाब, घाम, धाप, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, चालल्या-चढल्यावर वाढणं, यातलं काही असेल तर ते ‘पित्त’ ठरवायचा अधिकार घरातल्या कोणालाही नाही. थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : वय ४४. दीड वर्षापासून पित्ताचा त्रास आहे. ज्याने त्याने सांगितलं ते बंद करत गेले. सोबत यादी जोडली आहे, त्यात १९ पदार्थ आहेत. सात किलो वजन कमी झालं, तरी रात्री घशाशी येऊन जाग येते. आता जेवायची भीती वाटते. आणखी काय सोडू?

काही सोडू नका. ‘जेवायची भीती वाटते’ हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा वाचलं. ही भीती घालवणं हे मला तुमच्या जळजळीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आधी ‘पित्त’ हा शब्द सोडवून घेऊ. बोलताना आपण सगळेच ‘पित्त झालं’ म्हणतो. शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो चरबी पचवायला मदत करतो. तुमच्या घशाशी येतं ते बहुतेक जठरातलं आम्ल. हे आम्ल वाईट नाही. त्यानं अन्नातले जंतू मरतात आणि प्रथिनांचं पचन सुरू होतं. जठराला आतून चिकट स्रावाचं अस्तर असतं, म्हणून त्याला ते सोसतं. वरच्या साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेला असं अस्तर नाही. तुमच्यासारख्या बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त तयार होत नसतं. नेहमीएवढंच आम्ल भलत्या ठिकाणी चढत असतं.

ते चढतं कसं? अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंचं एक कडं आहे. त्याला झडप म्हणू. बाहेरून श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचे, स्नायू तिला आवळून धरतात. घास आला की झडप उघडते आणि मिटते. पण घास नसतानाही ती अधूनमधून काही सेकंद सैल पडते. जठराचा वरचा भाग ताणला गेला की मज्जातंतूंमार्फत निरोप जातो आणि हवा बाहेर पडावी म्हणून झडप उघडते. ढेकर येते ती अशीच. प्रत्येक माणसात हे रोज घडतं. पोट तुडुंब असेल तर जास्त वेळा घडतं आणि हवेबरोबर आम्लही वर येतं.

जेवणानंतर तर अन्नात मिसळून आम्ल सौम्य व्हायला हवं, मग जळजळ नेमकी तेव्हाच का? हा प्रश्न मलाही शिकताना पडायचा. खाली अन्नात मिसळलेलं आम्ल सौम्य होतंच. पण नव्यानं पाझरलेलं आम्ल अन्नाच्या वर, अगदी झडपेच्या तोंडाशी, तरंगत राहतं. बसलेलं किंवा उभं असलं की गुरुत्वाकर्षण त्याला खाली धरतं. आडवं झालं की अन्ननलिका आणि जठर एका पातळीत येतात. शिवाय झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही जवळजवळ थांबतं. दिवसा वर आलेलं आम्ल लाळेतला क्षार धुऊन काढतो. रात्री ते तिथेच पडून राहतं.

आता तुमच्या समासातली ओळ : ‘दुकान नऊला बंद होतं, जेवायला साडेदहा, झोप अकरा.’ बाई, यादीतल्या एकोणीस पदार्थांपेक्षा हा अर्धा तास मला जास्त खटकतो. दिवसभर जवळजवळ उपाशी, मग रात्री एकदम भरपूर, आणि पोट असं भरलेलं असताना आडवं होणं. या पद्धतीनं साधा भात खाल्लात तरी घशाशी येईल.

जेवण आणि झोप यांच्यात तीन तास हवेत. तुमच्या दुकानाची वेळ बदलणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून जेवणाचे दोन भाग करा. मोठा भाग दुकानातच, सात-साडेसातच्या सुमारास, दहा मिनिटं बसून. घरी आल्यावर अगदी थोडं आणि कमी तेलातुपाचं. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी करा. सकाळी काही न खाता निघणं आजपासून बंद. पोट रिकामं ठेवलं की रात्री भूक ताब्यात राहत नाही, आणि तुमच्या त्रासाची सुरुवात तिथे आहे.

राहिली यादी. मी ती तीन गटांत वाटली. तळलेलं आणि फार तुपकट, चॉकलेट, पुदिना, मद्य हा पहिला गट. हे झडप सैल करतात, आणि चरबीमुळे पोट रिकामं व्हायलाही वेळ लागतो. टोमॅटो, आंबट फळं, तिखट हा दुसरा. हे झडपेला फारसं काही करत नाहीत, आधीच सोललेल्या जागी झोंबतात. मिरचीतला तिखट घटक उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतो, त्यामुळे आम्ल न वाढताही आग होते. संत्र्याच्या रसातलं आम्ल रसायनानं पूर्ण मारून तो रस लोकांना दिला, तरी काहींना जळजळ झालीच, असा एक जुना प्रयोग आहे. म्हणजे आंबट तेच वाईट हेही पूर्ण खरं नाही. तिसऱ्या गटात फसफसणारी पेयं. त्यातल्या वायूनं जठर फुगतं.

आणि तुमच्या यादीतले सात पदार्थ यातल्या कुठल्याच गटात बसत नाहीत. डाळी, अंडं, काकडी, केळं यांनी तुमचं काय बिघडवलं होतं? कोणीतरी सांगितलं म्हणून गेले. ते सात आजच ताटात परत घ्या.

उरलेल्या बारांसाठी वही करा. चार रकाने : किती वाजता खाल्लं, काय आणि किती, जळजळ किती वाजता, आणि त्या वेळी मी बसले होते, वाकले होते की झोपले होते. चौदा दिवस फक्त जेवणाच्या वेळा सुधारा आणि नोंद करा. पंधराव्या दिवसापासून एकेक पदार्थ परत आणा. दुपारच्या जेवणात, थोडा, लागोपाठ तीन दिवस. त्रास झाला नाही की पुढचा. एका वेळी दोन पदार्थ आणू नका, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही. ज्यांना जळजळीचा त्रास असतो अशा काहींना कच्चा कांदा खाल्ल्यावर ती वाढते, ज्यांना तो त्रास नाही त्यांना काही होत नाही. त्यामुळे दुसऱ्याची यादी तुमच्या कामाची नाही. माझ्या अनुभवात शेवटी बहुतेकांच्या वहीत दोन-तीनच पदार्थ उरतात, तेही रात्री नकोत एवढंच.

वजनाबद्दल एक ताकीद. कमी खाल्ल्यामुळे ते घटलं असं तुम्ही म्हणता आणि तसंच असावं, पण सात किलो थोडे नाहीत. एकदा डॉक्टरांना दाखवा आणि रक्तक्षय आहे का ते बघून घ्या. पुढचं पत्र पाठवाल तेव्हा वहीचं एक पान जोडा, मला वाचायला आवडेल.

प्रश्न : रात्री जळजळ झाली की गार दूध पितो. लगेच बरं वाटतं, पहाटे पुन्हा सुरू. दूध चांगलं की वाईट?

दूध चांगलं, वेळ चुकीची. घोटाबरोबर आम्ल धुतलं जातं, थोडं सौम्यही होतं, म्हणून बरं वाटतं. मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला नवीन आम्ल पाझरायला सांगतात, आणि साईचं दूध असेल तर ते पोटात रेंगाळतं. पहाटेची जळजळ ही त्याची पावती आहे. दूध दिवसा प्या. रात्री जाग आलीच तर उठून बसा, दोन-तीन घोट साधं पाणी घ्या आणि थोडा वेळ बसूनच राहा.

खाण्याच्या सोड्याबद्दल तिघांनी विचारलंय. रोजचा उपाय म्हणून नको. आम्लाशी गाठ पडताच त्यातून वायू सुटतो आणि भरलेलं पोट आणखी फुगतं. त्यात सोडियमही भरपूर असतं, म्हणजे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना अपाय. आणि ‘व्हिनेगर प्यायल्यानं झडप घट्ट होते का?’ नाही होत. सुजलेल्या जागेवर आणखी आम्ल ओतू नका.

प्रश्न : वय ३१, बैठं काम. दुपारचं जेवण स्क्रीनसमोर आठ-दहा मिनिटांत. दोन वर्षांत वजन ८२ वरून ९१ किलो झालं आणि जळजळ त्याच काळात सुरू झाली. जेवणानंतर लगेच पोटाचे व्यायाम करतो, पण ढेकर आणि घशाशी येणं वाढलंय.

तुमच्या पत्रातच कारण आणि उपाय दोन्ही आहेत. पोटावरची चरबी जठराला बाहेरून दाबत राहते. तो दाब झडपेपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक परिचारिकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं वजन ‘योग्य’ समजल्या जाणाऱ्या मर्यादेत होतं, त्यांच्यातही वजन वाढेल तशी जळजळ वाढलेली दिसली. ज्यांचा उंचीच्या प्रमाणातला वजनाचा निर्देशांक साडेतीननं किंवा त्याहून जास्त उतरला, त्यांच्यात वारंवार जळजळ होण्याचं प्रमाण, वजन तेवढंच राहिलेल्यांच्या तुलनेत, जवळपास ४० टक्क्यांनी कमी होतं. म्हणून तुमच्या बाबतीत ते नऊ किलो हेच औषध आहे. सावकाश उतरवा, उपाशी राहून नको.

जेवल्यावर लगेच पोटाचे व्यायाम म्हणजे भरलेली पिशवी तोंड उघडं ठेवून पिळणं. ते रिकाम्या पोटी करा. जेवणानंतर फक्त चाला, रमतगमत. वाकून करायची कामं, बुटाची नाडी बांधण्यापासून जड उचलण्यापर्यंत, तासभर टाळा. पट्टा एक भोक सैल करा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पट्टा आवळल्यानं आम्ल वर चढतं हे तपासून पाहिलेलं आहे.

आठ मिनिटांचं जेवण वीसवर न्या. घाईघाईत हवा गिळली जाते, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायच्या आत आपण जास्त खाऊन बसतो. घास तोंडात असताना दुसरा हातात घ्यायचा नाही, एवढा एकच नियम करा. जेवणानंतर अर्धा तास बिनसाखरेचं च्युइंग गम चघळल्यानं लाळ वाढते आणि आम्ल धुतलं जायला मदत होते. फक्त ते पुदिन्याच्या चवीचं नको.

तंबाखूबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी विचारून ठेवते. निकोटिनमुळे झडप सैल पडते आणि धूम्रपानानं लाळेतला क्षारही कमी होतो. घेत असाल तर आधी ते सुटायला हवं.

आणि श्वासाचा एक व्यायाम. श्वासपटल झडपेला बाहेरून आवळतं हे वर सांगितलं. त्या स्नायूला तालीम देता येते. खुर्चीत सैल बसा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं श्वास घेताना पोटावरचा हात पुढे यावा, छातीवरचा हलू नये. सोडताना घाई नको. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, जेवणाआधी. यावर झालेले प्रयोग छोटे आहेत, पण महिनाभराच्या सरावानंतर अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा वेळ कमी झालेला मोजला गेलाय. खर्च नाही, अपाय नाही, म्हणून मी तो सुचवतेच.

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे. पाणी प्यायलं तरी जळजळ होते. गोळ्या घ्यायला मन धजत नाही. बाळाला काही होईल का?

या जळजळीनं बाळाला काही होत नाही, हे आधी मनात पक्कं करा. गरोदरपणात वाढणारं प्रोजेस्टेरॉन शरीरातले स्नायू सैल करतं, त्यात ही झडपही आली. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय जठराला वर ढकलतं. बाळ झाल्यावर बहुतेकींचा त्रास आपोआप थांबतो. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या आधीचे दोन महिने मी आरामखुर्चीतच झोपत होते. पलंगावर पाठ टेकली की घसा जळायचा. त्यामुळे तुमची रात्र कशी जाते याची मला कल्पना आहे.

तीन जेवणांऐवजी सहा छोटी खाणी करा. पाणी जेवताना ढसाढसा पिऊ नका, दोन खाण्यांच्या मधे घोट घोट घ्या. पाणी प्यायलं तरी जळतं ते पोट आधीच भरलेलं असतं म्हणून. झोपताना डावी कूस, पाठीखाली तिरका आधार. वजन कमी करायच्या फंदात आत्ता पडायचं नाही.

एवढं करून भागलं नाही तर सोसत बसू नका. समुद्री शेवाळापासून काढलेलं अल्जिनेट असलेली पातळ औषधं जठरातल्या अन्नावर फेसाचा तराफा तयार करतात आणि आम्ल वर येऊ देत नाहीत. गरोदरपणात ती बऱ्याच काळापासून वापरात आहेत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. खायचा सोडा मात्र घेऊ नका. आणि बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, जोराचं दुखणं, त्यासोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज आली, तर ती जळजळ समजू नका. रक्तदाबाच्या गंभीर त्रासाची ती खूण असू शकते. त्याच तासाला रुग्णालयात जा.

प्रश्न : चार वर्षांपासून रोज आम्ल कमी करणारी गोळी घेतो. दोनदा बंद केली, दोन्ही वेळा आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त जळजळ झाली. म्हणजे आता आयुष्यभर घ्यावी लागणार?

तसं ठरवायची घाई करू नका. बंद केल्यावर वाढलेली जळजळ हा दरवेळी मूळ आजारच असतो असं नाही. गोळीनं जठराच्या पेशींमधले आम्ल सोडणारे पंप बंद राहतात, तेव्हा शरीर त्यांना चेतवणारं संप्रेरक वाढवतं. गोळी एकदम थांबली की ते सगळं उसळून येतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जळजळीचा कुठलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी लोकांना घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. पुढे बंद केल्यावर खऱ्या गोळीवाल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ किंवा अपचनासारखा त्रास झाला, खोट्या गोळीवाल्यांपैकी १५ टक्क्यांना. धडधाकट माणसांची ही गत, तर तुमचं काय झालं असेल ते समजा.

म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरा. आधी मात्रा अर्धी, मग एक दिवसाआड. उसळी आली तर त्या वेळेपुरतं आम्लनाशक. आणि हे सुरू करण्याआधी महिनाभर जेवणाच्या वेळा आणि झोपण्याची पद्धत सुधारून ठेवा, नाहीतर पुन्हा त्याच गोळीकडे याल.

एक विचारते : गोळी केव्हा घेता? अनेक जण जेवण झाल्यावर किंवा झोपताना घेतात आणि ‘गुण नाही’ म्हणतात. या गटातल्या बहुतेक गोळ्या काम करत असलेल्या पंपांनाच बंद करतात, आणि पंप जेवणानं चालू होतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते.

मात्र अन्ननलिकेला मोठे व्रण झालेले असतील, तिच्या अस्तरात बदल झाल्याचं एंडोस्कोपीत सांगितलं असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांपासून जठराचं रक्षण म्हणून गोळी दिली असेल, तर मनानं बंद करू नका. तिथे ती मोलाची आहे. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांनी भीतीपोटी गोळी सोडली आणि रक्ताची उलटी घेऊन आली. इतर औषधंही डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या झडप सैल करतात, वेदनाशामकं अस्तर दुखावतात, आणि हाडांसाठीच्या काही गोळ्या पेलाभर पाण्याबरोबर घेऊन नंतर किमान अर्धा तास सरळ बसावं लागतं.

प्रश्न : तीन उशा घेऊन झोपतो. जळजळ थांबली नाही, मान मात्र दुखायला लागली.

उशांनी फक्त डोकं उचललं जातं, शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. उचलायची आहे ती छातीपासूनची सगळी बाजू. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. ठोकळ्यांना वर खाच पाडून घ्या, म्हणजे पाय घसरणार नाही. ते जमणार नसेल तर कमरेपासून डोक्यापर्यंत पोचेल अशी टणक, तिरकी गादी घ्या. उशी एकच, पातळ.

डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत जठराची पिशवी झडपेच्या खाली लोंबते, आणि वर आलेलं आम्ल लवकर परत उतरतं. उजव्या कुशीवर झडप आम्लाच्या पातळीखाली जाते. झोपेत कूस बदलते, त्याची चिंता करू नका. पाठीमागे एक लोड लावून ठेवा म्हणजे उजवीकडे वळणं थोडं कमी होईल. पहिल्या काही रात्री पायथ्याकडे घसरल्यासारखं वाटेल. पोटऱ्यांच्या खाली गुंडाळलेली चादर ठेवली की ते थांबतं. आणि त्याच पलंगावर कोणी सोबत झोपत असेल, तर ठोकळे लावायच्या आधी त्यांना विचारा.